मार्टिन लूथर, पवित्र मरीया आणि संतजन

आपल्या मंडळ्यांतील उपदेशकांस खेड्यांत एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. शेजारीं रोमन काथलिक बंधु राहत असतात. कोणाची मुलगी त्यांच्या घरीं दिलेली असते. सप्टेंबर महिन्यांत हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेस गाड्या भरून माणसें निघतात. मग कोणी तरी विचारतो कीं, तुम्ही प्रॉटेस्टंट लोक प्रभूच्या आईस मानीत नाहीं काय? यावर आपल्यांपैकीं एक जण रागाच्या भरांत मरीयेविषयीं असें कांहीं बोलून जातो कीं, तें तिच्या पुत्रासही आवडणार नाहीं; दुसरा खालीं मान घालून गप्प बसतो. ह्या वादांत ज्याचें नांव प्रथम घेतलें जातें त्या मार्टिन लूथराचें चरित्र त्या दोघांनींही पाहिलें असतें तर बरें झालें असतें. हा मनुष्य संतांचा निंदक म्हणून जन्मास आला नव्हता. आयुष्याचीं पहिलीं तीस-बत्तीस वर्षें तो त्यांच्या पायांशीं बसलेला होता.

लूथराचा जन्म जर्मनी देशांतील आइस्लेबेन गांवीं १० नोव्हेंबर १४८३ रोजीं झाला. दुसऱ्या दिवशीं त्याचा बाप्तिस्मा झाला. तो दिवस संत मार्टिन याच्या सणाचा, म्हणून मुलाचें नांवही मार्टिन ठेवलें. बाप हान्स तांब्याच्या खाणींत राबून वर आलेला कष्टाळू गृहस्थ होता. त्या भागांतील खाणकऱ्यांची रक्षक म्हणजे संत अन्ना, मरीयेची आई. तिचें नांव पवित्र शास्त्रांत कोठेंच नाहीं. तें दुसऱ्या शतकांतील एका ग्रंथांतून आलें. परंतु लूथराच्या बाळपणीं जर्मनींत तिची भक्ति झपाट्यानें वाढत होती. प्रत्येक दुखण्यास व प्रत्येक धंद्यास एक एक संत ठरलेला होता. प्लेग आला तर सेबास्टियन, दात दुखूं लागला तर आपोलोनिया. प्रभु येशू मात्र लोकांस कसा दिसे? देवळांतल्या चित्रांत तो इंद्रधनुष्यावर बसलेला न्यायाधीश असे, त्याच्या मुखापाशीं तरवार असे, आणि खालीं मरीया गुडघे टेकून पापी जनांसाठीं त्याच्याजवळ रदबदली करीत असे. मुलाच्या मनावर तें चित्र ठसलें. ख्रिस्ताचें नांव ऐकून आपणांस भय वाटे, असें लूथरानें पुढें अनेक वेळां सांगितलें आहे. ज्याचें भय वाटतें त्याच्याकडे थेट कोण जाईल? लोक त्याच्या आईकडे जात, आणि आईकडे जाण्याचाही धीर न झाला तर तिच्या आईकडे जात.

१५०१ सालीं तो एरफुर्ट येथील विद्यापीठांत गेला. तेथें असतां एकदां प्रवासांत त्याच्याच कमरेचें शस्त्र त्याच्या मांडींत शिरलें व रक्त थांबेना. तेव्हां त्यानें मरीयेचा धांवा केला. रात्रीं जखम पुन्हां उघडली आणि त्यानें पुन्हां तिलाच हाक मारली. त्या वेळीं मरण आलें असतें तर मरीयेवर भरंवसा ठेवून मेलों असतों, असें तो म्हातारपणीं म्हणत असे.

१५०५ सालीं तो एम्. ए. झाला. बापाची इच्छा कीं मुलानें वकील व्हावें. त्याच वर्षीं २ जुलै रोजीं तो घरून एरफुर्टास परत चालला असतां श्टोटर्नहाइम गांवाजवळ मोठें वादळ झालें आणि वीज अगदीं जवळ पडली. भीतीनें जमिनीवर पडलेल्या त्या तरुणाच्या तोंडून संत अन्नेचें नांव निघालें, आणि तिनें वांचविलें तर मठवासी होईन, असा त्यानें तेथेंच नवस केला. नवस म्हणजे काय हें आमच्या वाचकांस समजावून सांगणें नको. खंडोबास मुलगा किंवा मुलगी वाहण्याच्या गोष्टी आपल्या पुष्कळांच्या वाडवडिलांच्या घरांतल्या आहेत. लूथरानें दुसऱ्या कोणास वाहिलें नाहीं, स्वतःसच वाहिलें. मित्रांनीं समजाविलें, तरी १७ जुलै रोजीं तो आगुस्तीनी मठाच्या दारांतून आंत गेला.

बाप फार संतापला. १५०७ सालीं मे महिन्यांत लूथरानें प्रथम मिस्सा केला, तेव्हां हान्स पाहुण्यांसह आला खरा. पण जेवणाच्या पंक्तींत त्यानें सर्वांसमक्ष विचारलें कीं, आईबापांचा मान राखण्याची जी आज्ञा आहे ती तुम्हां विद्वानांस ठाऊक नाहीं काय? तें वादळ देवाकडून होतें कीं सैतानाची भूल होती, अशीही शंका त्यानें बोलून दाखविली. त्या साध्या खाणकऱ्याचा हा प्रश्न लूथराच्या मनांत चौदा वर्षें रुतून राहिला.

मठांत त्यानें कसलीही कसर ठेवली नाहीं. उपास, जागरणें, पापकबुली, सर्व कांहीं अतिशय. त्यानें एकवीस संत आपले म्हणून निवडले होते. रोज तिघांची प्रार्थना करावयाची, म्हणजे आठवड्यांत सर्वांची पाळी येई. तरी मनास शांति नाहीं. १५१० च्या सुमारास मठाच्या कामासाठीं तो पायीं रोमास गेला. ज्या जिन्यावरून प्रभु पिलातापुढें गेला असें लोक मानीत, त्याच्या अठ्ठावीस पायऱ्या तो आपल्या मृत आजोबाच्या आत्म्यासाठीं गुडघ्यांवर चढला. वर पोहोंचल्यावर हें सर्व खरें असेल काय, असा विचार त्याच्या मनांत आला. ह्या काळांत त्यास खरा आधार दिला तो मठाधिकारी स्टाउपिट्झ यानें. आपल्या निवडीविषयीं व पापांविषयीं तळमळत न बसतां ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहावें, असें त्यानें त्यास शिकविलें. स्टाउपिट्झ मरेपर्यंत रोमन मंडळींतच राहिला, हें आमच्यांतील वाद करणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें.

१५१२ सालीं लूथर विटेनबर्ग येथें शास्त्राचा अध्यापक झाला. तेथील राजवाड्याचें देऊळ सर्व संतांच्या नांवें बांधलेलें होतें. राजा फ्रेडरिक, ज्यास सुज्ञ म्हणत, हा मोठा न्यायी पुरुष. पण त्यास संतांचे अवशेष जमविण्याचा छंद होता. १४९३ सालीं तो यरुशलेमेची यात्रा करून आला, तेव्हां त्यानें संत अन्नेच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अंगठ्याचें हाड बरोबर आणलें. १५०९ च्या यादींत अशा ५,००५ वस्तु होत्या. १५२० पर्यंत त्यांची संख्या १९,०१३ झाली. गव्हाणींतील गवत, कांटेऱ्या मुगुटांतील एक कांटा, मरीयेचे केंस, तिच्या दुधाचे थेंब! जो योग्य दिवशीं येऊन ह्या सर्वांचें दर्शन घेईल व दान देईल, त्याच्या शुद्धिस्थानांतील शिक्षेंतून १९,०२,२०२ वर्षें व २७० दिवस कमी होत, असा हिशेब होता. २७० दिवसांचाही हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाचें आश्चर्य वाटतें.

क्षमापत्रांचा व्यापारही ह्याच समजुतीवर उभा होता. संतांनीं आपल्या गरजेपेक्षां अधिक पुण्य केलें, तें ख्रिस्ताच्या पुण्याबरोबर मंडळीच्या भांडारांत सांठलें, आणि पोप त्यांतून वाटप करतो, असें शिक्षण होतें. सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशीं, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं, लूथरानें आपले ९५ मुद्दे मायन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त यास पाठविले. त्यांत ह्या भांडाराच्या कल्पनेवरही घाव होता. पुढचा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. जानेवारी १५२१ मध्यें पोपानें त्यास बहिष्कृत केलें आणि एप्रिलांत वर्म्स येथें तो बादशहापुढें उभा राहिला.

ह्याच धामधुमींत त्यानें जें पुस्तक हातीं घेतलें होतें तें कोणतें? मरीयेच्या स्तोत्राचें विवरण, म्हणजे लूकाच्या पहिल्या अध्यायांतील तिच्या गीतावरील टीका. वर्म्सास जाण्यापूर्वीं त्यानें तें आरंभिलें, आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहिला असतां तें पुरें केलें. लूथराचीं पुष्कळ पुस्तकें भांडणांतून निघालीं, त्यांत हें एक शांत पुस्तक आहे. त्यांतली मरीया स्वर्गाची राणी नाहीं. ती एका क्षुल्लक गांवांतली गरीब मुलगी आहे. घरांतलीं भांडीं घासणारी, गुरांकडे पाहणारी, जिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. देवानें तिच्याकडे पाहिलें, हीच सगळी गोष्ट. ती आपल्या नम्रतेचा अभिमान बाळगीत नाहीं; देवाच्या दृष्टीचा अभिमान बाळगते. चित्रकार तिला रत्नांनीं मढवितात, तेव्हां तिच्यांत आम्हांस भय वाटावें असेंच कांहीं दिसतें. पण तिची दीनता पाहिली म्हणजे आमच्यासारख्या दीनांस देवाकडे जाण्याचा धीर येतो, असा त्याचा अभिप्राय आहे. ज्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गांवाबाहेर राहिलेलीं माणसें आहेत, त्यांस हें वेगळें सांगावयास नको.

एक गोष्ट येथें प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. त्या पुस्तकाच्या आरंभीं व शेवटीं लूथरानें मरीयेच्या विनंतीनें आपणांस कृपा मिळावी, असे शब्द लिहिले आहेत. १५२१ सालीं त्याची जुनी संवय पुरती सुटली नव्हती. सत्य त्याच्यावर एका दिवसांत उजाडलें नाहीं, हळूहळू उजाडलें.

त्याच किल्ल्यांतून, नोव्हेंबर १५२१ मध्यें, त्यानें मठाच्या नवसांविषयीं एक ग्रंथ लिहिला आणि तो आपल्या बापास अर्पण केला. पंक्तींतला तो प्रश्न बरोबर होता, देवाच्या आज्ञेविरुद्ध केलेला नवस नवस नव्हे, बापानें सोडविण्यापूर्वीं देवानेंच मला सोडविलें, असा त्या पत्राचा भावार्थ आहे. संत अन्नेचा हिशेब येथें मिटला. चार वर्षांनीं, १३ जून १५२५ रोजीं, त्यानें मठांतून बाहेर पडलेल्या कातरीना फॉन बोरा हिच्याशीं लग्न केलें.

इकडे विटेनबर्गांत त्याच्या मागें दंगल उसळली होती. त्याचा सोबती कार्लस्टाट यानें मूर्ति व चित्रें काढून टाकावीं असें पुस्तक लिहिलें आणि लोक ती फोडूं लागले. लूथर बंदी मोडून मार्च १५२२ मध्यें परत आला व लागोपाठ आठ दिवस उपदेश केला. मूर्ति नसत्या तर बरें, हें त्यास मान्य होतें. पण हातांनीं फोडलेली मूर्ति मनांत तशीच राहते, आणि गैर उपयोग होतो म्हणून वस्तु नष्ट करावयाची तर सूर्यचंद्रही आकाशांतून ओढून काढावे लागतील, कारण त्यांचीही पूजा झालेली आहे, असें त्यानें दाखवून दिलें. आधीं वचनानें मनें मोकळीं करा, मग मूर्ति आपोआप पडतील, हा त्याचा मार्ग होता. दुसऱ्याच्या क्रूसावर किंवा चित्रावर हात टाकणाऱ्या आमच्या उतावळ्या तरुणांस लूथराचें नांव घेण्याचा अधिकार नाहीं.

त्याच वर्षींचें एरफुर्टच्या मंडळीस लिहिलेलें पत्र मला ह्या बाबतींत सर्वांत मोलाचें वाटतें. तेथें संतांस विनवावें कीं नाहीं यावरून उपदेशकांत कडाक्याचें भांडण जुंपलें होतें. लूथरानें त्यांस कळविलें कीं, हा वाद गरजेचा नाहीं. विश्वास व प्रीति हें मुख्य शिक्षण सोडून लोक ह्या फांद्यांवर लटकत आहेत. संतांस हाक मारणें आवश्यक नाहीं, ख्रिस्त एकटा पुरे आहे. पण एखादा दुर्बळ मनुष्य अजून संतांचें नांव घेत असेल, तर त्याची थट्टा न करितां त्यास सोसून घ्यावें. ख्रिस्त ओळखूं लागल्यावर तो स्वतःच तें सोडील. पत्नी एका मंडळींतून व पति दुसऱ्या मंडळींतून आलेला असतो अशा घरांत जाणाऱ्या पाळकानें तें पत्र मनांत ठेवावें.

जेथें पैसा व राजकारण दिसे तेथें मात्र तो सौम्य राहत नसे. पोपानें १५२३ सालीं जुन्या काळचा बिशप बेन्नो यास संतपद दिलें आणि पुढील वर्षीं माइसेन येथें त्याचीं हाडें मोठ्या समारंभानें वर काढलीं. तेव्हां लूथरानें त्यावर कडक पुस्तक लिहिलें. मेलेल्या संतांच्या हाडांस सोन्यानें मढवितां आणि जिवंत संत, म्हणजे उपाशी व उघडे बांधव, दाराशीं पडलेले असतात, ही तक्रार त्याच्या त्या काळच्या उपदेशांत पुन्हां पुन्हां येते.

रेगेन्सबुर्ग येथील सुंदर मरीयेच्या यात्रेविरुद्धही त्यानें १५२३ सालीं लिहिलें. ती यात्रा कशी सुरू झाली तें ऐकण्यासारखें आहे. १५१९ सालीं शहरानें तेथील यहूदी लोकांस हांकून दिलें व त्यांचें सभास्थान पाडलें. पाडतांना एक गवंडी पडून जखमी झाला व लवकर बरा झाला. तो मरीयेचा चमत्कार ठरला, आणि त्याच जागीं उभारलेल्या मंदिराकडे हजारों लोक कामधंदा टाकून धांवत सुटले. यहूदी मुलीच्या नांवानें यहूद्यांचीं घरें उध्वस्त झालीं, हा विरोध त्या वेळीं कोणास टोंचला नाहीं. आणि दुःखाची गोष्ट अशी कीं, त्याच लूथरानें १५४३ सालीं यहूद्यांचीं सभास्थानें जाळावीं असें छापून काढलें. तें पाप होतें. त्याचें चरित्र सांगणाऱ्यानें तें झाकूं नये; तो आमचा शिक्षक आहे, निर्दोष नव्हे.

मरीयेविषयींचें त्याचें मत पुढें बदललें तें तिच्या मानाविषयीं नव्हे, तिला विनवण्याविषयीं. ४३१ सालच्या एफेससच्या सभेनें तिला देवाची माता म्हटलें, तें त्यानें शेवटपर्यंत मानिलें. ती सदैव कुमारी राहिली असेंही तो मानी. ह्या मुद्द्यावर पुष्कळ प्रॉटेस्टंट आज त्याच्याशीं सहमत नाहींत. १५२२ च्या आपल्या प्रार्थनापुस्तकांत त्यानें देवदूताचा नमस्कार ठेवला, पण ती मागणी नसून देवाच्या कृपेची स्तुति आहे असा खुलासा जोडला. दूताच्या आगमनाचा, शुद्धीकरणाचा व अलीशिबेच्या भेटीचा हे तीन सण त्यानें राखले, कारण त्यांचा आधार शास्त्रांत आहे.

नव्या कराराच्या भाषांतरांतही त्याची दृष्टि दिसते. लॅटिन शास्त्रांत दूत मरीयेस कृपेनें भरलेली असें म्हणतो. लूथरानें त्या ठिकाणीं घरगुती जर्मन शब्द घातला, ज्याचा अर्थ लाडकी, कृपा पावलेली असा होतो. भरलेली म्हटलें कीं भांड्यांतून दुसऱ्यास ओतून देतां येतें, असा अर्थ लोक काढूं लागतात; मूळ ग्रीक शब्द तर तिनें कृपा मिळविली येवढेंच सांगतो. यावर टीका झाली, तेव्हां १५३० सालीं कोबुर्गच्या किल्ल्यांतून त्यानें उत्तर लिहिलें, व त्याच पत्रांत संतांच्या मध्यस्थीचाही विचार केला. त्या उन्हाळ्यांत तो फार खिन्न होता. जूनच्या आरंभीं त्यास म्हाताऱ्या हान्सच्या मरणाची बातमी आली होती.

कोबुर्गास तो थांबला याचें कारण बादशाही बंदीमुळें त्यास आउग्सबुर्गच्या सभेस जातां येत नव्हतें. तेथें २५ जून १५३० रोजीं मेलांख्थोनानें लिहिलेली कबुली वाचण्यांत आली. तिच्या एकविसाव्या कलमांत आमची बाजू थोडक्यांत आहे. संतांची आठवण ठेवावी, त्यांच्या विश्वासाचें व सत्कर्मांचें अनुकरण करावें; परंतु त्यांस विनवावें असें शास्त्र शिकवीत नाहीं, कारण मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. १५३७ सालीं लूथरानें आणखी स्पष्ट लिहिलें. स्वर्गांत देवदूत व संत आमच्यासाठीं प्रार्थना करीत असतीलही. पण त्यावरून आम्हीं त्यांची प्रार्थना करावी, उपास करावे, सण पाळावे, नवस बोलावे, असें निघत नाहीं.

रोमन मंडळीचें म्हणणेंही नीट ऐकावें. त्यांचे शास्त्री आराधना व सन्मान यांत भेद करितात. आराधना देवाची एकट्याची. संतांस सन्मान, आणि मरीयेस सर्व संतांहून अधिक. जिवंत भावास आपण आपल्यासाठीं प्रार्थना करावयास सांगतों, तसेंच स्वर्गांतील भावासही सांगतों, असें ते म्हणतात. त्रेंत येथील सभेनें ३ डिसेंबर १५६३ रोजीं हें शिक्षण कायम केलें, पण सर्व देणगी ख्रिस्ताद्वारें येते असें बजाविलें, मूर्तींत स्वतःचें सामर्थ्य नाहीं असें सांगितलें, आणि व्यापार व अंधश्रद्धा काढून टाकण्याची आज्ञा केली. लूथराच्या तक्रारींचा त्यांत वांटा नव्हता असें कोण म्हणेल? पुढें १८५४ व १९५० सालीं पोपांनीं मरीयेविषयीं दोन नवे सिद्धांत ठरविले, त्यामुळें दरी रुंदावली. १९६४ सालीं व्हॅटिकन सभेनें ख्रिस्ताच्या एकट्याच्या मध्यस्थीस मरीयेच्या स्थानानें बाध येत नाहीं असा खुलासा केला, त्यानें बोलणें सुकर झालें. तरी आमचा मुद्दा उरतोच. भावास हाक मारली तर तो ऐकतो हें ठाऊक आहे. मृतांस हाक मारावी अशी आज्ञा किंवा तसें वचन शास्त्रांत सांपडत नाहीं. शिवाय शास्त्र्यांचा भेद यात्रेंतल्या भोळ्या म्हातारीपर्यंत नेहमीं पोहोंचतोच असें नाहीं. विटेनबर्गांतही तो पोहोंचला नव्हता.

१५४६ च्या जानेवारींत मान्सफेल्डच्या सरदारांचें आपसांतलें भांडण मिटविण्यासाठीं लूथर आपल्या जन्मगांवीं गेला. भांडण मिटलें, पण तो आजारी पडला. १८ फेब्रुवारीच्या पहांटे तो मरण पावला. जवळ असलेल्या मित्रांनीं त्याच्या शेवटच्या प्रार्थना लिहून ठेवल्या आहेत. त्या पित्यास व त्याच्या पुत्रास उद्देशून आहेत; अन्नेचें नांव त्यांत नाहीं.

त्याच्या मागून लोकांनीं काय केलें तेंही सांगितलें पाहिजे. आइस्लेबेनांत त्याचा पलंग म्हणून दाखवीत, त्याच्या ढलप्या कापून नेऊं लागले. त्यांनीं दातदुखी थांबते अशी समजूत होती. नेणारे आपलेच प्रॉटेस्टंट बंधु होते. आपोलोनियेचें काम आतां लूथराकडे आलें. १६८९ सालीं त्याच्या जन्माचें घर आगींत जळालें, पण लांकडी फळीवर काढलेलें त्याचें चित्र तेवढें वांचलें. मग न जळलेला लूथर म्हणून त्या चित्राचा बोभाटा झाला. घर पुन्हां बांधलें गेलें, आणि १६९३ पासून तेथें गरिबांच्या मुलांची शाळा भरूं लागली.